मुंडकं नसलेली लढाई

बँकेत पासबुक छापून घ्यायला रांगेत उभा होतो. समोरच्या भिंतीवर पोस्टर लावलेलं: ऑनलाइन फसवणूक झाली तर लगेच १९३० वर फोन करा. माझ्या मागं एक आजोबा होते. धोतर, काळी टोपी, हातात कापडी पिशवी. त्यांनी ते पोस्टर दोनदा मोठ्यानं वाचलं आणि मला म्हणाले, “एकोणीसशे तीस तर आपल्या मार्शल लॉचं साल हाय की हो. नंबर बरोबर काढलाय ह्यांनी.”

मी हसलो आणि पुढं सरकलो. पण गाडी चालवत घरी येताना तो आकडा डोक्यातून जाईना. सोलापूरकराच्या कानाला १९३० ची एक वेगळीच खूण आहे, आणि दिल्लीत ज्यानं कुणी हा नंबर ठरवला त्याला ती माहीत असण्याचं कारण नाही. तरी या दोन १९३० मध्ये एक धागा आहे, आणि तो ओढून बघण्यासारखा आहे.

तरुण वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. ५ मे १९३० ला गांधीजींना अटक झाली आणि गिरण्यांचं हे गाव पेटलं. ८ मेला लोक रूपाभवानीच्या बाजूला शिंदीची झाडं तोडायला गेले. पोलिसांशी झटापट झाली, गोळीबार झाला, मग चौक्या जळल्या, कोर्ट जळलं, पोलीस मारले गेले. पुढचे तीन-चार दिवस इंग्रजांचं राज्य या शहरातून जवळजवळ नाहीसं झालं होतं. १२ मेला मार्शल लॉ पुकारला गेला, तो जूनअखेरपर्यंत चालला. गांधी टोपी घातली म्हणूनही माणसं धरली गेली. आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्यात फाशी दिलं. त्यांचे पुतळे आपण रोज ओलांडून जातो. ती चार नावं नुसती एकापाठोपाठ वाचली तरी हे गाव कशाचं विणलेलं होतं ते कळतं.

लहानपणापासून आपण ही हकिगत हौतात्म्याची म्हणून ऐकतो, आणि ती आहेच. पण सरकारच्या बाजूनं बघा. एक अख्खं शहर हातातून निसटलं. कुणी हुकूम दिला? कुणीच नाही, किंवा सगळ्यांनीच. गिरणीच्या खात्याखात्यातून, तालमीतून, पेठेपेठेतून निरोप गेले आणि माणसं उठली. आता सरकारला जमावाला फाशी देता येत नाही, माणसाला देता येते. म्हणून त्यांनी जमावाला चार डोकी बसवली आणि ती उतरवली. सोलापूर त्यानं गप्प झालं असं कुणाला वाटत असेल तर त्यानं दर वर्षी बारा जानेवारीला चौकात येऊन बघावं.

राज्यकर्त्यांची ही सवय फार जुनी आहे. समोर जाळं असलं तरी ते त्यात मुंडकं शोधतात. आणि ज्या काळात प्रत्येकाच्या खिशात जाळ्याचं एक टोक आहे त्या काळात ही सवय नुसती निरुपयोगी नाही, अपायकारक आहे, असं माझं म्हणणं आहे.

याला आता शास्त्रीय नाव आहे. १९९० च्या दशकात जॉन आर्किला आणि डेव्हिड रॉनफेल्ट या दोन अमेरिकी अभ्यासकांनी ‘नेटवॉर’ असा शब्द काढला. शब्दात ‘नेट’ आहे म्हणून लोकांना वाटतं हे संगणकाचं प्रकरण. पण त्यांचा रोख माणसांच्या रचनेवर होता. सैन्य, पोलीस, सरकारी खाती ही उतरंडीसारखी असतात: हुकूम वरून खाली, अहवाल खालून वर. याउलट काही गट जाळ्यासारखे असतात. कधी साखळी, तस्करांची असते तशी, ज्यात एकाला फक्त पुढचा आणि मागचा माहीत. कधी चाकाच्या आऱ्यांसारखी रचना, मधे एक तुंबा. आणि कधी सगळ्यांचा सगळ्यांशी संबंध. या तिसऱ्या प्रकाराला पूर्वी फार कष्ट पडत, कारण सगळ्यांनी सगळ्यांशी बोलत राहायचं म्हणजे वेळ आणि पैसा. निरोप स्वस्त झाला आणि हा तिसरा प्रकार फोफावला. त्या दोघांचं एक वाक्य पोलीस अकादम्यांत फार फिरतं: जाळ्याशी लढायला जाळंच लागतं. फिरतं खूप, पचलेलं कमी दिसतं.

हे पचलं असतं तर औरंगजेबाला पचलं असतं, कारण त्याला शिकवणी आपल्याच जिल्ह्यात मिळाली होती.

मंगळवेढ्याहून माचणूरला जा. भीमेचा घाट, सिद्धेश्वराचं देऊळ, शेजारी पडका किल्ला. इथं ब्रह्मपुरीला १६९५ ते १६९९ अशी चार वर्षं मुघल बादशहाचा तळ होता. तळ म्हणजे तंबूंचं शहरच, बाजारासकट, हत्तींसकट. त्याच्या हिशेबानं लढाई तोवर संपायला हवी होती. १६८९ मध्ये संभाजीराजांना मारलं, रायगड घेतला, राजाराम महाराज दूर जिंजीला अडकलेले. डोकं उडवलं, मग धड कसं काय चालतंय? पण चाललं होतं. संताजी, धनाजी आणि त्यांच्यासारखी लहानमोठी पथकं आज इथं तर उद्या तिथं. त्यांना घोडे कोण देई, भाकर कोण देई, आणि मुख्य म्हणजे मुघलांची रसद कोणत्या वाटेनं येतेय ही बातमी कोण देई? गावं. पुढं संताजीचं मुंडकं कापून बादशहाकडे नेल्याचं सांगतात. म्हणजे शब्दशः मुंडकं आलं. आणि लढाई त्यानंतरही दहा वर्षं चालली, बादशहा इथंच, दख्खनमध्ये, १७०७ ला मेला.

इतिहासाचे प्राध्यापक इथं माझा कान धरतील. गादी होती, छत्रपती होते, वतनं होती, याला ‘बिगर-राज्य जाळं’ म्हणणं ओढून ताणून आहे. कबूल. पण त्या काळातून दोन गोष्टी उचलण्याजोग्या आहेत. एक, जाळं टिकतं ते बातमीवर आणि भाकरीवर, सरदारावर नंतर. दुसरी, संताजी मुघलांच्या फौजेपुढं हरला नाही. धनाजीशी भांडण झालं, माणसं फुटली, आणि तो एकटा पडल्यावर मारला गेला. जाळ्याला बाहेरून कापणं अवघड असतं, आतल्या आत उसवणं सोपं. मागावर काम केलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

आता समुद्रापलीकडे जरा नजर टाकू, फार रेंगाळणार नाही. १ जानेवारी १९९४ ला मेक्सिकोच्या चियापास राज्यात झापातिस्ता आदिवासी बंडखोरांनी काही गावं ताब्यात घेतली. सैन्यापुढं त्यांचा टिकाव लागणं शक्य नव्हतं. पण बारा दिवसांत सरकारला लढाई थांबवावी लागली, कारण त्यांची पत्रकं वर्तमानपत्रांतून आणि मग परदेशी सहानुभूतीदारांच्या संगणकांवरून जगभर गेली, संघटना, पत्रकार, धर्मगुरू तिथं जाऊन बसले. जंगलातल्या माणसांकडे इंटरनेट नव्हतं. ते ज्यांच्याकडे होतं त्यांच्याशी त्यांचं नातं होतं. पाच वर्षांनी, नोव्हेंबर १९९९ मध्ये, सिएटलला जागतिक व्यापार संघटनेच्या बैठकीला लहान लहान गटांनी चहूबाजूंनी येऊन चौक अडवले आणि उद्घाटनाचा कार्यक्रम रद्द झाला. पोलीस एकीकडे वळले की गट दुसरीकडे. मोहोळ उठल्यावर काठी कुणावर चालवायची?

इथपर्यंत वाचून जाळं म्हणजे दुबळ्यांचं हत्यार, म्हणजे चांगलंच, असं वाटू शकतं. माझ्या काही मित्रांना २०११ मध्ये इजिप्तच्या चौकातली, हुकूमशहाविरुद्ध उठलेली गर्दी टीव्हीवर बघून असंच वाटलं होतं. पण मधे २६ नोव्हेंबर २००८ होऊन गेला होता. मुंबईत दहा माणसं उतरली, १६६ जीव गेले. ती दहा माणसं इंटरनेटवरून केलेल्या फोनवर पाकिस्तानातल्या म्होरक्यांशी बोलत होती आणि म्होरके टीव्ही बघून सांगत होते की बाहेर काय चाललंय. आपल्या वाहिन्या थेट प्रक्षेपण करत होत्या. म्हणजे हल्लेखोरांच्या जाळ्याचं एक टोक आपणच, बिनपगारी, चालवत होतो. कसाबच्या खटल्याच्या निकालात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानं वाहिन्यांची त्याबद्दल कडक शब्दांत हजेरी घेतली, आणि अशा कारवाईचं थेट प्रक्षेपण करायला नियमानं बंदी आली ती २०१५ मध्ये. सात वर्षं.

इसिस या दहशतवादी संघटनेनं २०१४ मध्ये इराकमधलं मोसुल शहर घेतलं तेव्हा त्यांचा इंग्रजीतून सर्वांत जास्त वाचला जाणारा एक ट्विटर प्रचारक निघाला बंगळुरूमधला नोकरदार. दिवसा ऑफिस, रात्री खिलाफत. हातात कधी बंदूक घेतली नाही. उतरंडीच्या भाषेत याचं पद काय? शिपाई, सुभेदार, चिटणीस? कुठलंच बसत नाही, म्हणून आपल्याला तो दिसतच नाही.

तेव्हा जाळ्याला धर्म नाही, नीती नाही. १९३० चं सोलापूर आणि मोसुल यांची रचना एकाच पातळीवर ठेवताना माझा हात थरथरतो, पण रचनेपुरतं ते खरं आहे. उद्देश माणसं घालतात. आणि कधी कधी तेही घालत नाहीत. कुणाचाच काही उद्देश नसतो आणि तरी माणसं मरतात. या बिनउद्देशाच्या प्रकाराबद्दल मला खरं बोलायचंय, कारण त्यात आपल्या जिल्ह्यातली माणसं गेली आणि त्याला माझाही हात लागलेला आहे.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचं गाव. रविवारचा आठवडी बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं भिक्षा मागत तिथं आली होती. मुलं पळवणारी टोळी आली आहे असे निरोप त्या भागात व्हॉट्सअॅपवर आधीच फिरत होते. लोकांनी त्या पाच जणांना धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि ठार मारलं. त्यातले बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातले. हो, ज्या तालुक्यात बादशहा चार वर्षं बसला होता त्याच.

डवरी गोसावी पिढ्यान्‌पिढ्या डवर वाजवत, भैरवनाथाची गाणी म्हणत गावं फिरतात. त्यांचंही एक जाळं होतं: ठरावीक मोसमात ठरावीक गावं, ओळखीचे उंबरे. त्यांच्या चेहऱ्याला गावोगावी कुणीतरी जामीन असे. दूरच्या मुलखात तो जामीन नव्हता, आणि त्यांच्या आधी दुसरं जाळं तिथं पोहोचलं होतं.

आता माझा हात. त्याच जूनमध्ये एका दुपारी माझ्या फोनवर तसाच निरोप आला. अशुद्ध मराठी, वर लाल दिवे, खाली ‘आपल्या लेकरांसाठी एवढं कराच’. माझी भाची तेव्हा दुसरीत होती, रिक्षानं शाळेत जायची. मी विचार केला नाही असं म्हणणं खोटं ठरेल. मी विचार केला, आणि विचार असा होता की खोटं असलं तर काय बिघडलं, खरं असलं तर उपयोग होईल. खाली ‘काळजी घ्या’ एवढं जोडून तीन ग्रुपना पुढं पाठवला. एक आमच्या गल्लीचा, दोनेकशे माणसांचा.

पाच दिवसांनी तो माझ्याकडे परत आला. पण आता तेलुगूतून, एका बाईच्या रडवेल्या आवाजात, आणि त्यात ‘काल साखर पेठेत’ असे शब्द पडलेले. म्हणजे वाटेत कुणीतरी त्याचं भाषांतर केलं होतं, कुणीतरी त्याला पत्ता दिला होता. आमच्या गावात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चार भाषा एका नळावर पाणी भरतात. अफवेला त्या चारही येतात. सरकारी खुलासा मात्र एकाच भाषेत निघतो, तोही पीडीएफमध्ये.

आठवड्याभरानं राईनपाड्याची बातमी आली. तिथला निरोप आणि माझा निरोप एकच होता असं मी म्हणत नाही. पण मंगळवेढा नाव वाचलं आणि पेपर बाजूला ठेवला.

अशा घटनांनंतर सरकारकडे तीन औषधं असतात. तिन्ही मुंडकं शोधणारी आहेत.

पहिलं, नेट बंद करणं. हे तर मुंडकं सापडत नाही म्हणून मानेखालचं सगळंच गोठवणं. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२० मध्ये सांगितलं की बेमुदत बंदी चालणार नाही, आदेश जाहीर करावे लागतील. तरी कुठं दगड पडला की पहिला हुकूम नेट बंदचा निघतो. त्यानं काय होतं? अफवा बंद होत नाही. अफवेला व्हॉट्सअॅप लागत नाही, १९३० मध्ये कुठं होतं? बंद पडतो तो खुलासा. ‘अहो तो पोरगा सापडला, मावशीकडे गेला होता’ हा निरोप अडकतो, आणि दुधाच्या पिशव्यांबरोबर अफवा पायी फिरत राहते. शिवाय रिक्षावाल्याचं, भाजीवालीचं क्यूआर कोडवरचं पोट त्या दिवशी बंद.

दुसरं, ग्रुप अॅडमिनला धरणं. आपल्याकडे पोलीस ठाण्यांतून अॅडमिनना नोटिसा जातात हे सगळ्यांना माहीत आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये स्पष्ट केलंय की सदस्यानं टाकलेल्या मजकुरासाठी नुसतं अॅडमिन असणं हा गुन्हा नाही. आमच्या गल्लीच्या ग्रुपचा अॅडमिन कोण आहे सांगू? ज्यानं २०१६ साली गणपतीच्या वर्गणीसाठी ग्रुप काढला तो पोरगा. आता तो पुण्यात असतो आणि ग्रुप म्यूट करून ठेवलाय. त्याला मुंडकं समजून धरायचं?

तिसरं औषध जास्त हुशार वाटतं: पहिला पाठवणारा शोधा. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत मोठ्या निरोप-सेवांनी कोर्टाच्या किंवा सरकारच्या आदेशावर मूळ पाठवणारा ओळखून द्यावा अशी तरतूद आली. व्हॉट्सअॅप दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, आणि २०२४ मध्ये त्यांच्या वकिलानं तिथं सांगितलं की निरोपांवरचं गुप्ततेचं कुलूप तोडायला लावलंत तर आम्ही देशातून जाऊ. कंपनीच्या पैशाच्या गणितावर माझा विश्वास नाही, ती गोष्ट वेगळी. पण पहिला पाठवणारा सापडून काय होतं ते बघा. त्या काळात मुलं पळवणाऱ्यांचा पुरावा म्हणून देशभर जो व्हिडिओ फिरला, मोटारसायकलवरून येऊन पोराला उचलून नेण्याचा, तो मुळात कराचीत केलेला मुलांच्या सुरक्षिततेचा जनजागृतीपट होता. शेवटी मोटारसायकलवाला पोराला परत आणून सोडतो आणि पाटी दाखवतो. कुणीतरी शेवट कापला. मग मूळ कोण? ज्यानं लेकरांच्या भल्यासाठी फिल्म केली तो? कापणारा? की ‘काळजी घ्या’ जोडणारा मी? विहिरीत विष कालवणारा एक असतो. ओढ्याला पूर येतो तेव्हा पहिला थेंब कुठला होता हे विचारणं व्यर्थ आहे.

मला उत्तर येईल ते असं: हे सगळं अफवेला ठीक, पण दहशतवाद्यांचं काय? तिथं पाळत नको, धरपकड नको? हवी. जिथं दूर कुणीतरी बसून दोऱ्या ओढतोय तिथं त्याला गाठणं हे पोलिसांचं आणि गुप्तहेरांचंच काम आहे, गल्लीनं तिथं काही करता येत नाही. माझा आक्षेप तीच मोजपट्टी सगळीकडे लावण्याला आहे. दोऱ्या ओढणारा हात असलेलं जाळं आणि कुणाचाच हात नसलेलं जाळं या दोन जाती आहेत, आणि आपले कायदे दुसऱ्याला पहिल्यासारखं वागवतात.

गंमत म्हणजे सरकारनं एका ठिकाणी जाळ्याला जाळ्यानं उत्तर दिलंय, आणि ते म्हणजे बँकेच्या भिंतीवरचा तो १९३०. ‘डिजिटल अरेस्ट’वाले खोटे पोलीस म्हणजे याच युद्धाचा पैसेवाला अवतार. फोन करणारा म्यानमारच्या सीमेवरच्या एखाद्या वाड्यात, पुष्कळदा तोही नोकरीच्या आमिषानं फसवून नेलेला पोरगा. २०२५ मध्ये असे शेकडो भारतीय विमानानं परत आणावे लागले. पैसे जातात कुणाच्या तरी भाड्यानं दिलेल्या खात्यात, तिथून दहा खात्यांत, तिथून कुठं कुठं. इथं तक्रार घेऊन, अर्ज टंकलिखित करून, साहेबांच्या सहीची वाट बघत बसलं तर संपलं. १९३० ला फोन केला की पोलीस आणि बँका एका पटावर येतात आणि पैसा ज्या खात्यात असेल तिथंच गोठवायचा प्रयत्न होतो. चोर कोण हे नंतर. आधी धागा धरा. वेळेत फोन केला तर पैसे वाचतात, उशीर झाला तर नाही. पद्धतीत उणिवा पुष्कळ आहेत, निरपराध दुकानदारांची खाती गोठून बसतात, ते निस्तरायला महिने लागतात. पण विचार बरोबर दिशेचा आहे.

मग असंच अफवेसाठी का नाही? इथं मला आमच्या गल्लीत त्याच पावसाळ्यात पाहिलेली एक गोष्ट सांगायलाच हवी.

दुपारची वेळ. डोक्यावर पाटी घेऊन एक बोहारीण आली, जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देणारी. पाठीशी कपड्यांचं हे एवढं गाठोडं. मोटारसायकलवरच्या दोन पोरांनी तिला थांबवलं. “गाठोड्यात काय हाय बे?” मग “आधार कार्ड दाखव.” ती घाबरली, घाबरल्यावर तिची भाषा आणखीच परकी झाली. चार-पाच मिनिटांत पंचवीस माणसं झाली. तीन-चार फोन वर गेलेले दिसले, शूटिंगला. मी खिडकीत होतो. खाली उतरायला पाहिजे हे कळत होतं आणि पाय उचलत नव्हते, हेही लिहून ठेवतो.

तेवढ्यात बिडीच्या ब्रँचवर वळलेल्या विड्या जमा करून परतणारी पलीकडच्या घरातली अक्का गर्दीत शिरली. साठीची बाई, रिकामी टोपली कमरेवर. तिनं बोहारणीकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ मोटारसायकलवाल्या पोराला धरलं. “हिला ओळखत नाही रे तू? तुझ्या आईनं लग्नातला शालू देऊन हिच्याकडनं पातेलं घेतलंय. त्याच पातेल्यात तू भात खातोस.”

कुणीतरी फसकन हसलं. मग सगळेच हसले. पोरगा लाजला. पातेलं किती लिटरचं होतं यावर एक बाई बोलायला लागली आणि गर्दी जशी आली तशी गेली. बोहारीण पायरीवर बसून पाणी प्याली. अर्ध्या तासानं ती पुढच्या गल्लीत ओरडत होती.

त्या एका वाक्यात काय होतं? ऐकीव काहीच नव्हतं. कुणाची आई, कोणतं पातेलं, कुणाचा शालू, सगळं डोळ्यांदेखतचं, आणि बोलणारी समोर उभी. हा निरोप पुढं पाठवता येत नाही, म्हणून तो खोटाही पडत नाही. फॉरवर्डमधला विश्वास उसना असतो, ‘आपल्या माणसानं पाठवलंय’ एवढ्यावर चाललेला. अक्काचा रोखीचा होता.

पण लगेच पुढचा प्रश्न. बोहारीण ओळखीची होती म्हणून वाचली. अनोळखी असती तर? राईनपाड्याला त्या पाच जणांना ओळखणारं कुणी नव्हतं, अक्का असती तरी काय म्हणाली असती? सप्टेंबर २०२२ मध्ये शेजारच्या जत तालुक्यात लवंगा गावी पंढरपूरला निघालेल्या चार साधूंना मुलं पळवणारे समजून मारहाण झाली. त्यांनी एका पोराला रस्ता विचारला होता एवढंच. गल्लीचं जाळं आपल्या माणसाला वाचवतं आणि परक्याला मारू शकतं, दोन्ही एकाच ताकदीनं. गल्लीवर भाबडेपणानं लिहिणाऱ्यांनी हे विसरू नये, आणि त्यात मी आलो.

म्हणून अक्का एकटी पुरत नाही, या गल्लीची अक्का त्या गावच्या अक्काला जोडलेली पाहिजे. हे स्वप्नरंजन नाही. महाराष्ट्रात गावोगाव पोलीस पाटील आहेत. राईनपाड्याच्या माणसाला मंगळवेढ्याकडच्या गावच्या पोलीस पाटलाशी दोन मिनिटांत बोलता आलं असतं, ‘हो, आमचीच माणसं, दर साली फिरायला जातात’ असं फोनच्या स्पीकरवर ऐकवता आलं असतं, तर कदाचित जमावातले चार मागं सरले असते. जमाव मोडायला तेवढे पुरतात. भटक्या समाजांच्या फिरतीचे मार्ग ठरलेले असतात, त्यांच्या पंचांना ते तोंडपाठ असतात. ज्या तालुक्यात ती माणसं जाणार तिथल्या पोलीस पाटलांकडे त्यांच्या गावचा एक नंबर असणं याला कुठलाही नवा कायदा लागत नाही. यात एक धोका आहे, तो झाकणार नाही: अशी यादी उद्या त्यांच्यावर पाळत ठेवायलाही वापरली जाईल. अख्ख्या जमातींना जन्मानं गुन्हेगार ठरवणाऱ्या इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याची जखम ज्यांच्या अंगावर आहे त्यांना यादी म्हटलं की धडकी भरते. म्हणून ती त्यांच्या पंचांच्या हातात असावी, ठाण्याच्या कपाटात नव्हे.

आणि शहरात? इथं भिवंडीचं उदाहरण आहे, आपल्यासारखंच यंत्रमागाचं गाव, आपल्यासारखीच तेलुगू आणि मुसलमान विणकरांची वस्ती. १९७० आणि १९८४ मध्ये तिथं भीषण दंगली झाल्या. त्यानंतर तिथं आलेले पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या, पुढाऱ्यांना सोडून साध्या माणसांच्या, आणि दंगल नसताना. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्याचं श्रेय एकट्या कमिट्यांना किती हे भांडण अभ्यासकांचं. पण ‘दंगल नसताना’ हे दोन शब्द मला महत्त्वाचे वाटतात.

आमच्याकडच्या शांतता समितीच्या बैठकीला मी दोनदा गेलोय, ओळखीच्या एका नगरसेवकाच्या मागं मागं. गणपतीच्या आधी आठ दिवस. हॉलमध्ये पुढं सोफे, मागं खुर्च्या. सोफ्यावर मंडळांचे अध्यक्ष, माजी पदाधिकारी, दोन मौलाना, एक डॉक्टर. सत्कार, नारळ, साहेबांचं भाषण, चहा, बिस्किट, फोटो. फोटो त्याच संध्याकाळी सगळ्या ग्रुपवर. एकूण एक माणूस मुंडकं होता. रिक्षा स्टँडवरचा कुणी नव्हता, शाळेपुढं गोळ्या-बिस्किटं विकणारा नव्हता, मागासाठी कांडी भरणारी नव्हती. खरं तर पेठेत काय शिजतंय हे सकाळी सातला ज्यांना कळतं ती हीच माणसं.

दुसऱ्या खेपेला मी हिंमत करून हात वर केला आणि म्हणालो, बिडीच्या ब्रँचवरच्या दोन-चार बायकांना बोलवा. ब्रँच म्हणजे शंभर घरांची खबर एका ओट्यावर. साहेब भले होते, त्यांनी शेजारच्या हवालदाराला लिहून घ्यायला सांगितलं. हवालदारानं वहीत नाव लिहिलं आणि मला विचारलं, ग्रुपमध्ये अॅड करायला नंबर द्या.

अक्काकडे अजून बटणांचा फोन आहे. तोही बहुतेक वेळा सुनेकडे असतो.